नातीची जीभ

आहारतज्ज्ञ कानडेबाईंनी भास्कररावांच्या जिभेवर पातळ पट्टी चिकटवली. "आता तासभर तुम्हाला नातीच्या जिभेची चव लागेल. रेवाला जेवताना सर्वांत जास्त तुम्हीच रागावता, म्हणून तुमची निवड."

"वाढ गं भेंडी," भास्करराव सुनेला ऐटीत म्हणाले. त्यांच्या मते सात वर्षांच्या रेवाला लाडांचा आजार झाला होता. न जेवून तिचं वजन आणखी घटलं, तर नळीने अन्न द्यावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

पहिल्याच घासाला भास्कररावांचे डोळे विस्फारले. भेंडी शेवाळासारखी बुळबुळीत लागत होती आणि मोहरीचा दाणा न् दाणा फटाक्यासारखा फुटत होता. घास गिळवेना. थुंकावा, तर ताटात काही टाकायचं नाही हा नियम त्यांचाच.

"बाबा, गिळा की," सून म्हणाली. "एवढुसा तर घास आहे."

"आमच्या वेळी असली थेरं नव्हती," मुलाने बापाचंच वाक्य बापाला वाढलं.

सगळे बघायला लागले की घास तोंडात फुगतो, हे भास्कररावांना तेव्हा कळलं.

"आई, अजून भात," रेवा हळूच म्हणाली. आज तिच्या ताटाकडे कुणी पाहत नव्हतं आणि ते रिकामं झालं होतं.

ते एकट्या भास्कररावांनी ऐकलं. खुणेने सांगता आलं असतं, पण मग सगळे तिच्याकडे वळले असते. त्यांनी चेहरा आणखी वाकडा केला आणि डाव्या हाताने भाताचं पातेलं तिच्याकडे सरकवलं.