निळी खुर्ची

कॉलेजातून हॉस्पिटलच्या ऑफिसात काम शिकायला आलेल्या पोरीला तिथल्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलेलं: रिपोर्ट चांगला असला तर पेशंटच्या हातात द्यायचा. नसला तर कोपऱ्यातली निळी खुर्ची ओढायची आणि मऊ आवाजात म्हणायचं, "तुम्ही बसा, डॉक्टर बोलतील तुमच्याशी." पोरीला मात्र बसायची सोय नव्हती. "हातांना मेंदी लागलीय का गं? उचल त्या फायली," बाई दिवसभर खेकसायच्या. आज पोरीच्या आईचा रिपोर्ट यायचा होता. सकाळपासून तिचा जीव टांगणीला लागलेला. प्रिंटर कुरकुरला की ती हातातलं टाकून धावायची आणि बोलणी खायची. दुपारी तो पुन्हा कुरकुरला. बाईंनी कागद वाचला आणि पालथा ठेवला. मग त्या उठल्या. कोपऱ्यातली निळी खुर्ची ओढून मऊ आवाजात म्हणाल्या, "तुम्ही बसा." पोरगी उभ्यानंच म्हणाली, "बाई, खेकसा ना माझ्यावर."