स्पड विकला

विमानतळावर नेणारी गाडी सकाळीच तबेल्यासमोर येऊन उभी राहिली. स्पडला त्याचं काही नव्हतं. तो नेहमीसारखा आयव्हरच्या कोटाचा खिसा हुंगत होता.

शर्यतीच्या पत्रकात त्याचं नाव लांबलचक आणि रुबाबदार होतं. स्पड, म्हणजे बटाटा, हे घरचं. ते लिनेटनं ठेवलेलं. शिंगरू असताना त्याला निवडलं तिनंच, आणि बापाच्या, आयव्हरच्या, गळ्यात मारलं तेही तिनंच. ती कॅन्सरनं गेली तेव्हा स्पडला अजून गाडीला जुंपलंही नव्हतं. पुढे तिच्या नवऱ्यानं, शेननं, त्याला तयार केलं. मागे दोन चाकांची हलकी गाडी, तीत शेन, आणि दुडक्या चालीनं सगळ्यांना मागे टाकणारा स्पड, हे ॲशबर्टनच्या लोकांनी कितीदा तरी पाहिलं. कत्तलखान्यात जन्म काढलेल्या आयव्हरचं नाव मालक म्हणून भोंग्यावरून पुकारलं जायचं. क्लबातले म्हातारे त्याला म्हणायचे, "या जमीनदार, आजची बिअर तुमच्याकडून."

बक्षिसाचा पैसा बराचसा दाण्यातच जायचा. आयव्हरला त्याचं वाईट वाटत नसे. घोडा बघायच्या निमित्तानं रोज सकाळी शेनकडे येता यायचं. सराव संपला की दोघं स्वयंपाकघरात चहा घेत बसायचे. लिनेटचं नाव फारसं निघायचं नाही, पण ती दोघांच्याही मनात असायची.

अमेरिकेतल्या गिऱ्हाइकानं दोनदा विचारलं, दोनदा आयव्हरनं नाही म्हटलं. आणि गेल्या आठवड्यात आयव्हरनंच आपणहून दलालाला फोन करून होकार कळवला. उरलेलं आयुष्य बसून खाता येईल एवढी किंमत आली.

शेननं स्पडला फळीवरून गाडीत चढवलं. दार लागलं. गाडी फाटकाबाहेर वळली.

"मला अजून कळत नाही, डॅड," शेन म्हणाला. "पैशाला तुम्ही कधी भुलला नाहीत."

"आता भुललो. तिकडे नेल्सन गावात बहिणीच्या शेजारी एक लहानसं घर घेतो म्हणतो. तिकडे थंडी कमी."

"घोडा गेला म्हणून यायचं बंद करू नका."

"कशाला यायचं रे मग? रिकामा तबेला बघायला?"

शेननं मान खाली घातली. म्हणाला, चहा टाकतो. आयव्हर म्हणाला, तू टाक, मला आज नको.

शेन आत गेला, पण आयव्हर आपल्या गाडीकडे वळला नाही. तो गवताच्या शेडमागे गेला. तिथं एक निळी मोटार उभी होती.

गेल्या आठवड्यात गवत काढायला तो मागे आला होता, तेव्हाही ती अशीच उभी होती. बाहेर दव गोठलेलं, काचा वाफेनं धुरकटलेल्या, आणि आत शाळेत शिकवणारी मेगन, अंगाभोवती ब्लँकेट लपेटून बसलेली. तिचं लक्ष नव्हतं. आपला चहा होऊन आपण निघून जाईपर्यंत शेनकडे येणारी ही पोर रोज इथं लपून थांबते, हे आयव्हरला तेव्हा उमगलं. तो पाय न वाजवता परत फिरला. दलालाला फोन त्यानं त्याच दुपारी केला.

त्यानं काचेवर बोटानं टकटक केली. काच खाली आली. मेगनचा चेहरा पडला होता. ती काहीतरी सांगायला गेली, पण त्यानं हातानंच तिला थांबवलं.

"आत जा, पोरी," तो म्हणाला. "खिडकीपाशी जी खुर्ची आहे ना, ती लिनेटची. शेन तुला दुसरी देईल. पण तू लिनेटच्याच खुर्चीत बस. तिथं ऊन येतं."