सोमवारचं युद्ध

"शर्वरी, बातम्या लाव गं," म्हणत आप्पा टीव्हीपुढे बसले. डॉक्टरांनी युद्धाच्या बातम्या बंद करायला सांगितल्या होत्या, पण सासऱ्यांना तसं सांगायची घरात कोणाची छाती नव्हती. मग सुनेनंच शक्कल लढवली. सोमवारच्या बातम्या तिनं रेकॉर्ड करून ठेवल्या आणि रोज संध्याकाळी त्याच लावू लागली.

रोज तेच विमान पडायचं आणि आप्पा मांडीवर थाप मारायचे. किंचाळता किंचाळता निवेदकाला ठसका लागला, की "पाणी पी रे बाबा," म्हणायचे. एरवीही रोज तोच आरडाओरडा. त्यांना कळणार कसं? शर्वरी स्वयंपाकघरात जाऊन पोटभर हसायची. शिवाय त्यांचं बीपी खरंच उतरलं होतं.

शुक्रवारी मेथी निवडताना तिच्या कानावर आलं, "पाणी पी रे बाबा." आणि मग निवेदकाला ठसका लागला.

तिच्या हातातली जुडी तशीच राहिली. "आप्पा, तुम्हाला कधी कळलं?"

"मंगळवारीच," आप्पा मिश्कील हसले. "पण राहू दे हेच. यात रोज नवीन कोणी मरत नाही."