गोळीचा गुण

झोपेत श्वास अडतो म्हणून शाहूवाडीचा आकाराम शाहूपुरीतल्या दवाखान्यात नव्या गोळीच्या चाचणीत सामील झाला होता. घरी रात्रभर लावलेल्या यंत्राचा अहवाल बघून डॉक्टर अदिती खूश झाल्या. “श्वास फारसा थांबत नाही. गोळीचा गुण आलाय.” त्याची बायको हौसाबाई म्हणाली, “मग आता मी झोपू न्हवं?” “म्हणजे?” “ह्यांचा दम अडला की मी लगेच कोपरानं ढोसतो. लगीन झाल्यापास्नं.” डॉक्टरांनी आकारामला दवाखान्यात एकटं झोपवून पुन्हा तपासलं. श्वास सारखा थांबत होता. गोळी बंद करून त्यांनी त्याला नाकावर लावायचा हवेचा मास्क दिला. मास्क लावून झोपलेला आकाराम सकाळी ताजातवाना उठला. उन्हं दारात आली तरी हौसाबाई गाढ झोपलेली. गोठ्यात म्हैस हंबरली. “गप की,” तो दबक्या आवाजात म्हणाला आणि स्वतःच धार काढायला बसला.