मिठाच्या गाडीचं लगीन

“आये, रूल जातील तिथं मी जातो. रूल परत आलं का मीबी आलो समज.”

सुटणाऱ्या पडावावर, शिडाच्या होडीवर, उभं राहून भागोजी हसत ओरडला होता. वारा उलटा होता, म्हणून दोनदा ओरडला. लढाईची सालं होती. शेव्याच्या मिठागरापासून धक्क्यापर्यंत जाणारी मिठाची लाईन सरकारने उपटली आणि ते रूळ, बसवणाऱ्या माणसांसकट, दर्यापार बसऱ्याला धाडले. त्याची बायको रंगू नव्या हिरव्या चुड्यानिशी सासूच्या मागे उभी होती. शब्द सगळे सासूसाठी होते. रंगूच्या वाट्याला नुसता आवाज आला.

लढाई संपली. स्वराज्य आलं. भागोजी आला नाही. त्याच्याबरोबर गेलेले दोघं परतले. तिकडं तापाची साथ आली, त्याला दुसऱ्या छावणीत हलवला, पुढचं आमाला ठावं न्हाय, एवढंच त्यांनी सांगितलं. उघड्या पडलेल्या भरावावर बायका सुकट वाळत घालू लागल्या, आणि रंगू रोज सकाळी कुंकू लावत राहिली.

गेल्या शिमग्याला गावातल्या बुधाजीने तिला पाटासाठी, दुसऱ्या लग्नासाठी, विचारलं. ती म्हणाली, “आयेला विचार.” आयेनं, म्हणजे ठमाबाईनं, त्याला बसायला पाट दिला, गूळ-पाणी दिलं आणि म्हटलं, “रूल येऊ दे.”

लाईन पुन्हा बांधायचं काम निघालं, तेव्हा बुधाजी सगळ्यांच्या आधी जाऊन पहार घेऊन उभा राहिला. माणसं काय सोडतात? “बुधाजी रूल न्हाय टाकीत रं, सोताच्या वरातीची वाट घालतोय.” बुधाजी ऐकून घ्यायचा आणि खडी दाबायचा.

आता रूळ आले होते. मिठागरापासून धक्क्यापर्यंत, मोरीवरून, उन्हात चकाकत पडले होते. आज पहिली गाडी निघायची होती.

पण या गावात नवी होडी असो, नवा बांध असो, त्याचं लगीन लागल्याशिवाय तो कामाला लागत नाही. मग गाडीला तरी कोण सोडतं? इंजिनाला आंब्याचं तोरण बांधलं होतं. हळदीचे पाच पट्टे ओढले होते. मागच्या डब्यांत मीठ शिगोशीग भरलं होतं. आणि रुळांच्या मधोमध, पाटावर, ठमाबाई बसली होती. ती गावची धवलारीण. तिने लग्नाचे धवले गाऊन गावचे देव आणि गावचे मेलेले नावानिशी बोलावले, की मगच मांडव भरला म्हणायचं. जिवंत माणसाचं नाव त्यात घ्यायचं नसतं. एकदा घेतलं की तो माणूस गेला. मागून कुणी पुसत नाही, कुणी बदलत नाही.

किती लग्नं झाली. दरवेळी रंगू हळदीचं ताट धरून सासूच्या शेजारी बसली, आणि दरवेळी मेलेल्यांची नावं भागोजीच्या आधी संपली. तोवर ती ना सुवाशीण, ना रांड. पाट लागणार कुणाशी?

“आजी, आवरा,” इंजिनावरून घाटावरचा ड्रायव्हर म्हणाला. “वाफ फुकट चाललीय.”

“नवऱ्याला लय घाई हाय गो,” शेजारची वेणूबाई म्हणाली. “हलद तरी सुकू दे, बाबा. मंग जा उंडारत.”

बायका हसल्या. ड्रायव्हरही हसला आणि खाली उतरून, टोपी काढून उभा राहिला.

ठमाबाईनं डोळे मिटले.

“वेशीच्या म्हसोबा, मांडवा यावं.
बांधाच्या बापदेवा, मांडवा यावं.”

तिचा आवाज पिकला होता, पण फाटला नव्हता. खाडीवरून तो पार धक्क्याकडे गेला. देव झाले. मग ती माणसांकडे वळली.

“मोरीच्या कोंडाजी, मांडवा यावं.
साथीच्या मनुबाई, मांडवा यावं.
विहिरीच्या रावजी, मांडवा यावं.”

रावजीचं नाव नेहमी शेवटचं. त्याच्यानंतर ती ताटातली हळद मागायची. रंगूने ताट पुढे केलं. म्हातारीने ते घेतलं नाही. तिने डोळे उघडले आणि रूळ जिथं धक्क्यापाशी पाण्याला टेकत होते, तिकडे बघत बसली. तिकडून कोणी येत नव्हतं. पलीकडे गँगच्या माणसांत बुधाजी खाली मान घालून उभा होता.

रंगूने ताट मागे ओढलं. जे ऐकायला तिने इतकी वर्षं कान दिला होता, ते आता म्हातारीच्या ओठांशी आलेलं तिला दिसलं, आणि कसं कोण जाणे, तिला ते नकोसं झालं. अजून एक लग्न जाऊ दे. अजून एक पावसाळा.

ती वाकून हळूच म्हणाली, “आये, ऱ्हाऊ द्या. पानी प्या वाईच.”

ठमाबाईनं तिच्याकडे पाहिलं. पदराच्या टोकाने तिच्या कपाळावरचा घाम टिपला. कुंकवाला धक्का लागू न देता टिपला.

“तू आड नको येऊ गो पोरी,” ती म्हणाली. “तुज्यापायी न्हाय बोलवीत. दमला आसंल तो, हाकेची वाट बघून.”

मग तिने तोंड पुन्हा पाण्याकडे केलं, आणि वारा उलटा होता म्हणून आवाज चढवला.

“दर्यापल्याडच्या भागोजी, माज्या बाला, मांडवा यावं.”