दोन घरांची सर्दी

पहिल्या शिंकेला गोमाजीनं ताक प्यायल्याचं कबूल केलं. दुसरीला केळं खाल्ल्याचं. तिसरी आली तेव्हा ओल्या डोक्यानं ओसरीवर झोपल्याचंही सांगून टाकलं. यातलं त्यानं काहीच केलं नव्हतं. पण गुन्हा कबूल झाला की बनुबाई तपास थांबवते, हे इतक्या वर्षांच्या संसारात त्याला कळलं होतं. आणि हा तपास पुढे जाऊन चालणार नव्हतं.

कारण सर्दी येसाजीची होती.

येसाजी गोमाजीचा चुलतभाऊ. पोलादपूरहून आंबेनळी घाटाकडे निघालं की वरच्या अंगाला त्यांची वाडी लागते. तिथली बहुतेक घरं मुंबईला गेलेली. शिमग्याला आणि गणपतीला तेवढी उघडतात. बारा महिने चूल पेटते ती दोनच घरांत, गोमाजीच्या आणि येसाजीच्या. आणि या दोन घरांचं बोलणं बंद होतं. कारण बांधावरचा फणस. फणस पुढे वादळात पडला, भांडण उभंच राहिलं.

बायकांनी तर ते फारच मनावर घेतलं होतं. येसाजीच्या तुळसानं कधीकाळी दिलेला गवती चहाचा ठोंब बनुबाईनं मुळासकट उपटून बांधापलीकडे भिरकावला. तुळसानं तो उचलून आपल्या परसात लावला. वाडीत आता गवती चहा तेवढाच. मग बनुबाईनं देवीपुढे नारळ ठेवला, त्या घराचा वारासुद्धा नको म्हणाली आणि गोमाजीनं मान डोलावली.

मान डोलावून तो रोज दुपारी म्हैस चारायला निघे. पोरं नाहीत म्हणून बंद पडलेल्या शाळेमागे येसाजी बसलेला असे. डॉक्टरनं दोघांचीही बिडी बंद केली होती, त्यामुळे दोघांत एकच, आळीपाळीनं. प्रत्येकानं निम्मी आज्ञा पाळली, असा हिशेब. बोलणं फार होत नसे. ज्याच्याशी जन्मभर भांडलो त्याला फार काही सांगावं लागत नाही. गेल्या आठवड्यात येसाजी शिंकत होता. प्रतिबंधक उपाय म्हणून गोमाजीनं बिडी सदऱ्याला पुसून घेतली होती.

बनुबाईला कळलं असतं तर हे बसणं संपलं असतं, आणि वाडीत शेजारी बसायला दुसरा माणूस नव्हता.

उपचार सुरू झाले. तव्यावर गरम केलेली ओव्याची पुरचुंडी नाकाला, सुंठेचा लेप कपाळाला, ओल्या डोक्याची शिक्षा म्हणून भर दुपारी कानटोपी. शिवाय दोन वेळा काढा. नाक बंद असल्यानं तो कशाचा आहे हे गोमाजीला कळत नव्हतं. गरम आणि गोड लागायचा, एवढंच.

तिसऱ्या दिवशी मुलीचा, रूपालीचा फोन आला. ती मुंबईला नर्स. बनुबाईनं फोन स्पीकरवर टाकला. गोमाजीनं ताक, केळं, ओलं डोकं, सगळं पुन्हा ओळीनं म्हणून दाखवलं.

"बाबा, ताकानं सर्दी होत नाय," रूपाली म्हणाली. "ज्याला झालेली असते त्याच्याकडनं येते. तू कोणाजवळ बसला होतास?"

गोमाजीनं खांबाकडे पाहिलं, बनुबाईनं चुलीकडे. वाडीत माणसं चार, त्यातली दोन इथंच बसलेली. हिशेब न शिकलेल्यालाही जमण्यासारखा होता. त्यात बांधापलीकडून, वेळ साधून, येसाजी शिंकला.

"म्हशीकडनं आली आसंल," बनुबाई म्हणाली.

म्हशीची सर्दी माणसाला होत नाही, असं काहीतरी रूपाली सांगू लागली. बनुबाईनं रेंज गेल्याचं तिला स्पष्ट शब्दांत कळवलं आणि फोन ठेवला.

इतक्या स्वस्तात सुटका होईल असं गोमाजीला वाटलं नव्हतं. बायकोचा विज्ञानावर विश्वास नाही, हे आयुष्यात पहिल्यांदा बरं वाटलं. म्हैस परवापासून शिंकतेच आहे, अशी साक्षही त्यानं देऊन टाकली.

दोन दिवसांनी सकाळी त्याचं नाक एकदम मोकळं झालं. बनुबाईनं काढ्याचा पेला हातात दिला, आणि घोट घेण्याआधीच वास आला. गवती चहा. हिरवा, ताजा, आत्ताच कापून आणलेला.

गोमाजीनं पेल्यात पाहिलं. मग दारातून बांधापलीकडे. मग बनुबाईकडे. ती पाठमोरी बसली होती. फुंकणी तोंडाजवळ होती, पण फुंकत नव्हती.

"काय वो, वास येतो का कसला?" तिनं न वळता विचारलं.

गोमाजीनं पेला नाकाजवळ धरला आणि चांगला लांब श्वास घेतला.

"नाय गो," तो म्हणाला. "नाक बंदच हाय अजून."