निर्व्यंग राजा

हळदीत भिजवलेला कापूस. एकच कुंडल. बाहेर वाजणारे नगारे. अंगात व्यंग असेल त्याला सिंहासन नाही, हा घराण्याचा जुना नियम.

म्हणूनच राजा वारताच धाकट्या राजपुत्राने थोरल्याचा कान कापला होता. आज तो स्वतःच्या राज्याभिषेकाला निघाला होता.

"आईसाहेब, आशीर्वाद द्या. दादाचा कानच घेतला, जीव ठेवला ना मी?"

थोरल्याची जखम पुसणाऱ्या राणीच्या अंगाची लाही लाही झाली. "ये," ती म्हणाली, "कानातच देते."

तो हसत वाकला. तिने त्याचा कान दातांत धरला, तो तुटेपर्यंत सोडला नाही.

"बस आता सिंहासनावर!" तुकडा थुंकून ती ओरडली.

तो बारा दिवसांचा असताना सोनाराने त्याचे कान टोचले, तेव्हा त्याच्यापेक्षा तीच जास्त रडली होती.